एफटीपी बंद करून एसएफटीपीवर कसे यावे: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

वेबसाइटच्या फाइल्स सर्व्हरवर चढवणे, रोज रात्री बॅकअप दुसऱ्या मशीनवर नेणे, एखाद्या ग्राहकाकडून ठरावीक वेळी याद्या घेणे, अशा कामांसाठी आजही कितीतरी ठिकाणी साधे एफटीपी, म्हणजे मशीनमध्ये फाइल्सची ने-आण करण्याची जुनी पद्धत, चालू आहे. कुणीतरी पूर्वी बसवून दिलेले असते, ते चालत असते, म्हणून कुणी त्याला हात लावत नाही. ज्यांच्याकडे असा सर्व्हर नुकताच आला आहे, तो बदलायला हवा हे ज्यांना कळते आहे, पण सुरुवात कुठून करावी हे उमगत नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढची सगळी कामे तिच्यासाठीच करायची आहेत. सुरक्षित पर्याय, म्हणजे एसएफटीपी, सुरू करणे हा यातला सोपा भाग. अवघड भाग म्हणजे जुने बंद करणे: पोर्ट २१ वर (पोर्ट म्हणजे सर्व्हरचा क्रमांक दिलेला दरवाजा, २१ हा एफटीपीचा) काहीही चालू नाही आणि एफटीपीच्या काळातला एकही पासवर्ड आता चालत नाही, अशी स्थिती आणणे. पुष्कळ ठिकाणी एसएफटीपी सुरू झाल्यावर काम संपले असे समजले जाते. एफटीपी 'असू दे, कुणाला लागलेच तर' म्हणून राहते आणि धोका होता तसाच राहतो. म्हणून मोजायचे ते जुने बंद झाले त्या दिवसापासून.

आज्ञा आणि सेटिंगची नावे या लेखात उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टाइप करताना ती नेहमीच्या रोमन अक्षरांतच करायची.

एफटीपीत नेमकी अडचण काय आहे

एफटीपीचा पहिला आराखडा अभय भूषण यांनी एप्रिल १९७१ मध्ये लिहिला. कानपूरच्या आयआयटीतून शिकून ते तेव्हा एमआयटीत काम करत होते. आज आपण ज्या स्वरूपात एफटीपी वापरतो, ते ऑक्टोबर १९८५ च्या आरएफसी ९५९ या दस्तऐवजात मांडलेले आहे. त्या काळचे नेटवर्क मोजक्या विद्यापीठांचे आणि संशोधन संस्थांचे होते. मधल्या वाटेवर कुणी अनोळखी माणूस कान लावून बसेल, हा प्रश्न रचनेच्या वेळी समोरच नव्हता. ज्या कामासाठी ते बनवले ते त्याने चोख केले, म्हणून तर ते इतकी वर्षे टिकले.

आता अडचण पाहू. तुम्ही लॉगिन करता तेव्हा तुमचे क्लायंट सॉफ्टवेअर सर्व्हरला दोन ओळी पाठवते, एकीत नाव आणि दुसरीत पासवर्ड. दोन्ही जसेच्या तसे, वाचता येतील अशा अक्षरांत जातात. तुमच्या आणि सर्व्हरच्या मधल्या कुठल्याही टप्प्यावर ज्याला वाहतूक पाहता येते, त्याला पासवर्ड मिळतो. शंका असेल तर स्वतः पाहा: आपल्याच मशीनवर वायरशार्क (नेटवर्कवरची वाहतूक दाखवणारे सॉफ्टवेअर) सुरू करा, आपल्याच एफटीपी खात्यात लॉगिन करा आणि फिल्टरच्या जागी एफटीपी लिहा. पासवर्ड समोरच्या यादीत दिसेल. बदल का करायचा हे वरिष्ठांना किंवा सहकाऱ्यांना समजावण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. मात्र हा प्रयोग फक्त स्वतःच्या नेटवर्कवर आणि स्वतःच्या खात्याने करा.

पासवर्ड उघडा जातो हे लोकांना ऐकून माहीत असते. दुसऱ्या दोन उणिवांकडे सहसा लक्ष जात नाही. एफटीपीत समोरचा सर्व्हर खरा आहे की कुणी मध्येच उभा केलेला, हे ओळखायची सोय नाही. आणि जाणारी फाइल वाटेत कुणी बदलली तरी ते कळत नाही. वेबसाइटच्या फाइल्स चढवणाऱ्यासाठी ही शेवटची गोष्ट पासवर्डाइतकीच गंभीर आहे.

शिवाय एफटीपीला दोन जोडण्या लागतात. आज्ञांसाठी पोर्ट २१, आणि प्रत्येक फाइलसाठी किंवा यादीसाठी वेगळी जोडणी. ॲक्टिव्ह पद्धतीत सर्व्हर उलट तुमच्याकडे जोडणी करायला येतो, तर पॅसिव्ह पद्धतीत सर्व्हर एखादा मोठ्या क्रमांकाचा पोर्ट सांगतो आणि तुम्ही तिथे जाता. फायरवॉलमध्ये पोर्टांचा मोठा पट्टा उघडून ठेवावा लागतो तो यामुळेच. 'लॉगिन होते पण फोल्डरची यादी येत नाही' ही एफटीपीची जुनी तक्रारही यातूनच येते.

बाकीचे जग केव्हाच पुढे गेले आहे. डेबियन या लिनक्स प्रकल्पाने आपली सार्वजनिक एफटीपी सेवा १ नोव्हेंबर २०१७ रोजी बंद केली. २०२१ मध्ये फायरफॉक्सने ९० व्या आवृत्तीत आणि क्रोमने ९५ व्या आवृत्तीत एफटीपी पूर्णपणे काढून टाकले.

याच रांगेत बसणाऱ्या आणखी काही पद्धती आहेत. टीएफटीपीत (एफटीपीचे साधे, हलके रूप) तर पासवर्डच नसतो. आरसीपी ही फाइल कॉपी करायची जुनी आज्ञा आता कुठेही दिसायला नको. आरसिंक हे दोन मशीनवरच्या फाइल्स जुळवून ठेवणारे साधन. त्याचा स्वतंत्र डेमन (मागे सतत चालणारी सेवा), जो पोर्ट ८७३ वर चालतो, तोही माहिती कूटबद्ध करत नाही, म्हणजे मधल्या कुणाला वाचता येणार नाही अशी करत नाही. आरसिंक चांगले आहे, पण ते एसएसएचमधून (दूरच्या मशीनवर कूटबद्ध लॉगिन करण्याची पद्धत) चालवायचे.

नावांचा गोंधळ आधी सोडवू

एसएफटीपी आणि एफटीपीएस ही नावे सारखी दिसतात, पण आतून त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

एफटीपीएस म्हणजे तेच जुने एफटीपी, वर टीएलएसचे आवरण, म्हणजे एचटीटीपीएस वेबसाइटमागे असते तेच कूटबद्धीकरण. २००५ च्या आरएफसी ४२१७ मध्ये त्याची पद्धत नोंदलेली आहे. पासवर्ड आणि फाइल दोन्ही कूटबद्ध होऊ शकतात, पण दोन जोडण्यांची भानगड तशीच राहते. उलट वाढते, कारण कूटबद्ध आज्ञा वाचता न आल्याने फायरवॉलला पुढचा पोर्ट कोणता हे कळत नाही.

एसएफटीपी हे एसएसएचच्या आत चालणारे वेगळेच प्रोटोकॉल आहे. एसएसएच टाटू युलोनेन यांनी १९९५ मध्ये लिहिले. ते हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात होते आणि तिथल्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड टिपले होते. म्हणजे हा उपाय जन्मला तोच नेमक्या या दुखण्यावर. त्यांनी पोर्ट २२ मागून घेतला, कारण तो एफटीपीच्या २१ आणि टेलनेटच्या २३ यांच्या मधोमध मोकळा होता. एसएफटीपीला एवढा एकच पोर्ट पुरतो. आज्ञा, यादी, फाइल सगळे एकाच कूटबद्ध जोडणीतून जाते.

एससीपी ही फाइल कॉपी करायची आज्ञाही एसएसएचमधूनच चालते, त्यामुळे उघडे नाही. पण त्याची मूळ पद्धत जुनी आहे आणि ओपनएसएसएच (एसएसएचचे प्रचलित मोफत सॉफ्टवेअर) बनवणाऱ्या मंडळींनी २०१९ मध्येच ती कालबाह्य आणि दुरुस्तीला अवघड असल्याचे सांगितले. एप्रिल २०२२ मधल्या ९.० आवृत्तीपासून त्यांची एससीपी आज्ञा आतून एसएफटीपीच वापरते. तुमच्या हाताला ती सवय असेल तर चालू ठेवा, फक्त सॉफ्टवेअर नवे असू द्या.

माझे मत स्पष्ट आहे: निवड तुमच्या हातात असेल तर एसएफटीपी घ्या. समोरची संस्था फक्त एफटीपीएस देत असेल, किंवा तुमच्या होस्टिंगच्या योजनेत एसएसएच मिळतच नसेल, तर एफटीपीएस घ्या आणि ते नीट लावा. कुणाला महिन्यातून एखादी फाइल द्यायची असेल तर सर्व्हरवर खाते उघडून देण्याची गरज नसते. मुदत संपणारा एचटीटीपीएस दुवा त्याला सोयीचा पडतो.

सुरुवात सर्व्हरपासून करू नका, यादीपासून करा

या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. एफटीपी कोण वापरते हे कुणालाच पूर्ण माहीत नसते, आणि लोकांना विचारून जी उत्तरे मिळतात ती नेहमी अपुरी असतात. माणसे स्वतः काय वापरतात ते सांगतात. रात्री आपोआप चालणारी स्क्रिप्ट कुणाच्याच लक्षात नसते.

म्हणून लॉगपासून सुरुवात करा. व्हीएसएफटीपीडी, प्रोएफटीपीडी यांसारखे एफटीपी सर्व्हर प्रत्येक देवाणघेवाणीची नोंद ठेवू शकतात. ही सोय बंद असेल तर आजच चालू करा आणि निदान एक पूर्ण महिना जाऊ द्या. महिना यासाठी, की महिनाअखेरीची कामे त्याआधी दिसत नाहीत. तिमाही किंवा वार्षिक कामे असतील अशी शंका असल्यास हिशेब पाहणाऱ्या माणसाशी बोला, त्याला ती बरोबर आठवतात.

लॉगमधून प्रत्येक खात्यासाठी एक ओळ बनवा: कोणत्या पत्त्यावरून येते, किती वाजता येते, फाइल घेते की ठेवते, कोणत्या फोल्डरमध्ये. दररोज रात्री ठरलेल्या मिनिटाला येणारे खाते म्हणजे यंत्र, आणि दुपारी कधीही येणारे म्हणजे माणूस. दोघांचे स्थलांतर वेगळ्या प्रकारे करायचे आहे.

मग दुसऱ्या बाजूने शोधा. ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी कामे पाहा: लिनक्सवर क्रॉनमधली, विंडोजवर टास्क शेड्युलरमधली. स्क्रिप्टमध्ये एफटीपीने सुरू होणारे पत्ते शोधा. पुष्कळदा त्या पत्त्यातच नाव आणि पासवर्ड लिहिलेले सापडतील. होम फोल्डरमधली नेटआरसी नावाची लपलेली फाइलही पाहा, तिच्यात एफटीपीचे पासवर्ड ठेवायची जुनी पद्धत आहे. वेबसाइटच्या कॉन्फिगरेशनमध्ये, ताळेबंदाच्या किंवा साठ्याच्या सॉफ्टवेअरच्या 'एक्स्पोर्ट' सेटिंगमध्ये आणि स्कॅन करून थेट फाइल पाठवणाऱ्या प्रिंटरमध्ये डोकावा. सुरक्षा कॅमेऱ्यांमध्येही एफटीपी दडलेले असते.

यादीत अशीही खाती निघतील जी कुणाचीच नाहीत. सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचे, कधीकाळच्या डिझायनरचे. ती लगेच बंद करा, स्थलांतराची वाट पाहू नका.

सर्व्हरवर एसएफटीपी सुरू करणे

लिनक्स सर्व्हरवर ओपनएसएसएच बहुधा आधीच असते आणि एसएफटीपी त्याच्याबरोबरच येते. म्हणजे नवीन काही बसवायचे नसते. ज्या खात्याने तुम्ही एसएसएच करता, त्याच खात्याने एसएफटीपीही चालते.

पण इथे थांबायचे नाही. फाइल ठेवायला आलेल्या माणसाला सर्व्हरवर आज्ञा चालवण्याचा अधिकार मिळता कामा नये, आणि त्याला स्वतःच्या फोल्डरबाहेरचे काही दिसता कामा नये. त्यासाठी अशा सगळ्या खात्यांचा एक वेगळा ग्रुप करा. मग एसएसएचडीच्या (एसएसएचचा सर्व्हरवर चालणारा प्रोग्रॅम) कॉन्फिगरेशनच्या शेवटी 'मॅच ग्रुप' असा भाग लिहून त्यात चार गोष्टी ठरवा: 'फोर्सकमांड'ला 'इंटरनल-एसएफटीपी', 'क्रूटडिरेक्टरी'ला त्या खात्याचे फोल्डर, आणि 'अलाऊटीसीपीफॉरवर्डिंग' व 'एक्स११फॉरवर्डिंग' या दोन्हींना 'नो'. पोर्ट फॉरवर्डिंग बंद करायचे पुष्कळजण विसरतात. ते चालू राहिले तर फाइलपुरता आलेला माणूस तुमच्या सर्व्हरमधून आतल्या इतर मशीनपर्यंत पोहोचू शकतो.

पहिल्यांदा करणारा जिथे हमखास अडकतो ती जागा क्रूटची, म्हणजे खात्याला एका फोल्डरमध्ये कोंडण्याची. ज्या फोल्डरमध्ये खाते कोंडायचे आहे, ते फोल्डर आणि त्याच्या वरची सगळी फोल्डरे रूटच्या (सर्व अधिकार असलेल्या मुख्य खात्याच्या) मालकीची हवीत, आणि दुसऱ्या कुणालाही त्यांत लिहिण्याची परवानगी नको. नसेल तर पासवर्ड बरोबर असूनही जोडणी लगेच तुटते आणि क्लायंटला कारण कळत नाही. सर्व्हरच्या लॉगमध्ये मात्र 'बॅड ओनरशिप ऑर मोड्स' असे स्पष्ट लिहिलेले असते. उपाय असा: क्रूटचे फोल्डर रूटचेच ठेवा, त्याच्या आत 'अपलोड' असे दुसरे फोल्डर करा आणि ते खात्याच्या मालकीचे करा. फाइल्स तिथे ठेवायच्या.

बदल लागू करण्याआधी 'एसएसएचडी'ला 'टी' हा पर्याय देऊन कॉन्फिगरेशन तपासा. सेवा पुन्हा सुरू करताना तुमची आधीची एसएसएच जोडणी बंद करू नका. दुसऱ्या खिडकीतून नवे लॉगिन होते आहे हे पाहिल्यावरच पहिली सोडा. दूरच्या सर्व्हरवर काम करताना ही सवय नसेल, तर एका चुकीच्या ओळीमुळे तुम्ही स्वतःच बाहेर राहाल.

शेअर्ड होस्टिंग असेल तर यातले बरेचसे होस्टिंगवालेच करतात. नियंत्रण पॅनेलमध्ये एसएसएच किंवा एसएफटीपी चालू करायची सोय शोधा आणि पोर्ट कोणता हे पाहून घ्या, कारण काही ठिकाणी तो २२ नसतो.

पहिल्या जोडणीतला तो प्रश्न

एसएफटीपीने पहिल्यांदा जोडताना क्लायंट एक लांबलचक अक्षरमालिका दाखवतो, जिची सुरुवात एसएचए-२५६ ने होते, आणि विचारतो की या सर्व्हरवर विश्वास ठेवायचा का. जवळजवळ सगळे न वाचता 'हो' म्हणतात. एवढ्या एका जागी थांबा, अशी माझी मनापासून विनंती आहे.

ही अक्षरमालिका म्हणजे सर्व्हरच्या किल्लीचे फिंगरप्रिंट. एफटीपीत जी ओळख पटवायची सोय नव्हती, ती इथे आहे, पण ती पहिल्या वेळी तुमच्या तपासण्यावर अवलंबून आहे. मध्ये कुणी आपला सर्व्हर उभा केला असेल आणि तुम्ही 'हो' म्हणालात, तर तुमची सगळी माहिती कूटबद्ध होऊन त्याच्याकडे जाईल.

तपासायचे असे: सर्व्हर तुमचाच असेल तर त्याच्या कन्सोलवर बसून 'एसएसएच-कीजेन' या आज्ञेने त्याच्या सार्वजनिक किल्लीचे फिंगरप्रिंट काढा. सर्व्हर दुसऱ्याचा असेल तर त्यांच्याकडून ते वेगळ्या वाटेने मागवा, म्हणजे फोनवर किंवा त्यांच्या अधिकृत एचटीटीपीएस पानावरून. जुळले तर स्वीकारा. क्लायंट ते जपून ठेवतो आणि पुढच्या वेळी विचारत नाही.

कधीतरी अचानक 'किल्ली बदलली आहे' असा इशारा येईल. सर्व्हर नव्याने बसवला असेल तर तो येतोच, पण तसे कुणी सांगितले नसेल तर काम तिथेच थांबवा आणि आधी विचारा. वापरणाऱ्यांनाही हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर घाईच्या दिवशी ते इशारा बाजूला सारून पुढे जातात.

एफटीपीएसमध्ये हेच काम प्रमाणपत्र करते. स्वतःच बनवलेले प्रमाणपत्र वापरून सगळ्यांना 'इशारा आला तर पुढे चला' असे शिकवू नका. मान्यताप्राप्त प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून विनामूल्य मिळते.

पासवर्डाऐवजी किल्ली

एसएफटीपी पासवर्डानेही चालते आणि तो कूटबद्धच जातो. तरी इंटरनेटवर उघड्या असलेल्या पोर्ट २२ वर पासवर्ड अंदाजाने टाकून पाहणारी यंत्रे अखंड येत असतात. किल्ली वापरून सर्व्हरवर पासवर्डाचे लॉगिन बंद केले, की त्यांचे काही चालत नाही.

किल्लीची जोडी असते. खासगी किल्ली तुमच्या मशीनवरच राहते, ती कुणालाही द्यायची नाही, मेलने तर मुळीच पाठवायची नाही. सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर ठेवायची, ती कुणी पाहिली तरी बिघडत नाही. 'एसएसएच-कीजेन' चालवा आणि प्रकार ईडी२५५१९ निवडा. विंडोज १० च्या २०१८ नंतरच्या आवृत्त्यांत आणि विंडोज ११ मध्ये ही आज्ञा आधीच असते. खिडक्यांमधून काम करायचे असेल तर पुटीजेन हे छोटे सॉफ्टवेअर तेच करते. विचारल्यावर खासगी किल्लीला सांकेतिक वाक्य द्या. लॅपटॉप हरवला तरी किल्ली लगेच कामाची राहत नाही.

सार्वजनिक किल्ली एका ओळीची असते. ती सर्व्हरवर त्या खात्याच्या 'डॉट एसएसएच' फोल्डरमधल्या 'ऑथराइज्ड कीज' फाइलमध्ये जाते. फोल्डरला ७०० आणि फाइलला ६०० अशा परवानग्या द्या. त्या सैल असतील तर सर्व्हर किल्लीकडे दुर्लक्ष करतो आणि नवखा माणूस तासन्‌तास किल्ली पुन्हा पुन्हा बनवत बसतो.

एक किल्ली एका माणसाची. तिघांनी मिळून एक किल्ली वापरली तर त्यातला एक सोडून गेल्यावर सगळ्यांची बदलावी लागते आणि लॉगमध्ये कोण आले होते हेही कळत नाही.

रोजच्या वापराचे सॉफ्टवेअर

माणसांसाठी बदल फार छोटा आहे. फाइलझिला वापरणाऱ्याने साइट मॅनेजरमध्ये जाऊन प्रोटोकॉलच्या जागी एसएफटीपी निवडायचे, पोर्ट टाकायचा, लॉगिनच्या प्रकारात किल्लीची फाइल द्यायची. बाकीची खिडकी तीच राहते. विंडोजवर विनएससीपीही उत्तम आहे.

एफटीपीएस वापरणार असाल तर एका पर्यायाकडे नीट पाहा. फाइलझिलामध्ये 'उपलब्ध असल्यास टीएलएस वापरा' असा एक पर्याय असतो आणि 'टीएलएस आवश्यक' असा दुसरा. पहिला घेतला आणि सर्व्हरने टीएलएस दिले नाही, तर जोडणी उघड्या एफटीपीवर जाऊ शकते. दुसरा घ्या. सर्व्हरच्या बाजूनेही टीएलएसशिवायचे लॉगिन नाकारायची सेटिंग करा, आणि ती फाइलच्या जोडणीलाही लागू आहे ना हे पाहा. फक्त लॉगिन कूटबद्ध आणि फाइल उघडी, असेही कॉन्फिगरेशन करता येते.

साठवलेल्या पासवर्डांचाही विचार करा. २००९ मध्ये गंब्लर नावाच्या मालवेअरने लोकांच्या संगणकांतून एफटीपीचे पासवर्ड चोरले आणि त्यांच्याच वेबसाइटमध्ये घातक कोड घुसवला. वाट कितीही सुरक्षित असली, तरी पासवर्ड तुमच्या मशीनवर उघडा पडलेला असेल तर काय होते, ते तेव्हा दिसले. फाइलझिला आणि विनएससीपी दोन्हींत मास्टर पासवर्डची सोय आहे, ती चालू करा. आणि जुन्या साइट मॅनेजरमधल्या एफटीपीच्या नोंदी पुसून टाका.

स्क्रिप्ट बदलताना

यंत्रांच्या स्थलांतरात खरी डोकेदुखी असते, म्हणून इथे सावकाश चला.

आपोआप चालणाऱ्या कामाला सांकेतिक वाक्य टाइप करायला माणूस नसतो, त्यामुळे त्याची किल्ली वाक्याविना ठेवावी लागते. मग तिची ताकद दुसरीकडून कमी करा. 'ऑथराइज्ड कीज'मधल्या त्या ओळीच्या सुरुवातीला 'रिस्ट्रिक्ट' हा पर्याय आणि 'फ्रॉम' लिहून ज्या पत्त्यावरून ती यावी तो पत्ता द्या. किल्ली चोरीला गेली तरी दुसरीकडून चालणार नाही. प्रत्येक कामाला वेगळी किल्ली द्या.

सर्व्हरच्या ओळखीची तपासणी बंद करायचा सल्ला तुम्हाला इंटरनेटवर जागोजागी सापडेल, कारण त्यामुळे स्क्रिप्ट पटकन चालू लागते. तो पाळू नका. तपासलेली किल्ली स्क्रिप्ट चालवणाऱ्या खात्याच्या 'नोन होस्ट्स' फाइलमध्ये आधीच घालून ठेवा. स्क्रिप्ट ज्या खात्याने चालते त्याच खात्यात, तुमच्या स्वतःच्या नव्हे. हाताने चालवली तर चालते आणि रात्री अडते, त्याचे कारण बहुधा हेच असते.

आता एक अडचण, जी स्थलांतरानंतर काही दिवसांनी डोके वर काढते. एफटीपीच्या आस्की पद्धतीत मजकुराच्या फाइल्समधले ओळीच्या शेवटचे चिन्ह वाटेत बदलले जायचे, विंडोजचे लिनक्सला हवे तसे व्हायचे. ओपनएसएसएचचे एसएफटीपी फाइल जशीच्या तशी नेते. कित्येक वर्षे विंडोजवरून येणारी यादी वाचणारा लिनक्सवरचा प्रोग्रॅम नव्या पद्धतीने आलेली तीच यादी चुकीची वाचू लागतो, कारण प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जास्तीचे अदृश्य चिन्ह असते. दोष नव्या पद्धतीचा वाटतो. प्रत्यक्षात जुनी पद्धत गुपचूप एक काम करत होती, ते आता तुम्हाला स्क्रिप्टमध्ये करायचे आहे. स्थलांतराआधी प्रत्येक मजकुराच्या फाइलसाठी हे तपासा.

अर्धवट फाइलचा प्रश्न एफटीपीतही होता, पण स्क्रिप्ट उघडलीच आहे तर तोही सोडवून टाका. मोठी फाइल चढत असतानाच पलीकडचा प्रोग्रॅम ती उचलतो आणि अर्धी वाचतो. म्हणून फाइल आधी तात्पुरत्या नावाने चढवा, पूर्ण झाल्यावरच खऱ्या नावात बदला. त्या नावाची जुनी फाइल आधीच असेल तर काही सर्व्हर नाव बदलू देत नाहीत, तेवढे पाहून घ्या. महत्त्वाच्या फाइलसोबत तिचा एसएचए-२५६ चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेली ओळखखूण) वेगळ्या छोट्या फाइलमध्ये पाठवा आणि पलीकडे पडताळा.

नव्या फाइल्सच्या परवानग्याही तपासा. एफटीपी सर्व्हर ज्या परवानग्या लावायचा त्याच इथे लागतील असे नाही, आणि मग वेब सर्व्हरला फाइल दिसते पण वाचता येत नाही. हजारो छोट्या फाइल्स रोज न्यायच्या असतील तर आरसिंक एसएसएचमधून चालवा, ते फक्त बदललेले नेते.

दोन्ही चालू असण्याचा काळ, आणि शेवट

काही आठवडे दोन्ही पद्धती शेजारी चालतील, त्याला इलाज नाही. पण बंद करण्याची तारीख पहिल्याच दिवशी ठरवा आणि सगळ्यांना लेखी कळवा. प्रत्येक खाते एसएफटीपीवर आले, ठरलेले काम एक-दोन फेऱ्या नीट झाले, की त्या खात्याचे एफटीपी त्याच दिवशी बंद करा. सगळ्यांचे एकदम बंद करायची वाट पाहू नका.

स्थलांतर करताना जुनाच पासवर्ड नव्या पद्धतीला देणे ही मोठी चूक ठरेल. तो इतकी वर्षे उघडा फिरला आहे, म्हणजे तो कुणाला तरी माहीत आहे असेच धरून चला. तोच पासवर्ड मेलला, नियंत्रण पॅनेलला किंवा डेटाबेसला वापरला असेल तर तिथेही बदला.

ठरलेल्या तारखेच्या आठवडाभर आधी एफटीपी सेवा थोड्या वेळासाठी बंद करून पाहा, दिवसा, तुम्ही जागेवर असताना. यादीतून निसटलेले जे कुणी असेल ते ओरड करेल. त्यांना सोबत घ्या. मग शेवटच्या दिवशी सेवा थांबवा, मशीन सुरू होताना ती पुन्हा चालू होणार नाही अशी करा, आणि शक्य असेल तर सॉफ्टवेअरच काढून टाका. फायरवॉलमध्ये पोर्ट २१ बंद करा, पॅसिव्हसाठी उघडलेला पट्टाही बंद करा. तो पट्टा बंद करायचे हमखास विसरते. शेवटी नेटवर्कच्या बाहेरून एनमॅप (कोणते पोर्ट उघडे आहेत ते दाखवणारे साधन) चालवून खात्री करा. आतून पाहिलेले इथे पुरेसे नाही.

जी उपकरणे ऐकतच नाहीत

काही स्कॅनर, कॅमेरे आणि यंत्रांना फक्त एफटीपीच येते. आधी निर्मात्याच्या पानावर नवे फर्मवेअर (उपकरणाच्या आतले सॉफ्टवेअर) आहे का ते पाहा, कधीकधी एसएफटीपी किंवा एफटीपीएस नंतर दिलेले असते. काही जुनी उपकरणे एसएफटीपी करतात पण नव्या सर्व्हरशी त्यांचे जुळत नाही. ओपनएसएसएचने २०२१ मधल्या ८.८ आवृत्तीपासून एसएचए-१ वर आधारलेल्या जुन्या आरएसए सह्या मूळ सेटिंगमध्ये बंद केल्या आहेत. एका उपकरणासाठी अख्ख्या सर्व्हरवर त्या पुन्हा चालू करू नका. त्या खात्यासाठी वेगळा, आतल्या नेटवर्कपुरता सर्व्हर ठेवा.

काहीच शक्य नसेल तर उपकरणाला नेटवर्कच्या वेगळ्या कोपऱ्यात ठेवा. त्याच कोपऱ्यात एक छोटे मशीन ठेवा, जे उपकरणाकडून एफटीपीने फाइल घेते आणि पुढे एसएफटीपीने पाठवते. त्या मशीनवरचे एफटीपी फक्त त्या एका उपकरणाच्या पत्त्यावरून स्वीकारले जाईल, बाहेरून नाही, आणि त्याचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरलेला नसेल. या अपवादाची नोंद यादीत तारखेसह ठेवा. उपकरण बदलायची वेळ येईल तेव्हा खरेदी करणाऱ्याच्या हातात ती नोंद असली पाहिजे, म्हणजे नवे उपकरण घेताना एसएफटीपी आहे का हे विचारले जाईल.